केसरबाईंचा उजवा पाय

केसरबाई चहा बशीत ओतून प्यायच्या. बशी मात्र शेजारच्याची घ्यायच्या, स्वतःची टिकावी म्हणून.

दाराबाहेर चपला काढताना दोन चपलांमध्ये हातभर अंतर ठेवायच्या. चपलेवर चप्पल चढली की घरात भांडण होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरात भांडण रोज व्हायचं. त्यावर त्या म्हणायच्या, "कोणीतरी येता-जाता सरकवत असंल."

कोणी शिंकलं की उचललेलं पाऊल परत जागेवर ठेवायच्या. कारखान्याच्या कॉम्प्रेसरला म्हातारा म्हणायच्या आणि तो बंद पडला की "झोपला" असं सांगायला ऑफिसात यायच्या. शेठशी बोलण्याआधी एकदा खोकायच्या. बोलून झाल्यावर पुन्हा खोकायच्या.

आणि पायाला तेल लावायच्या. फक्त उजव्या. डाव्या पायाची टाच वर्षभर फुटलेली असायची. डावा पाय त्यांचा होता, उजवा कारखान्याचा.

मी मसाटच्या त्याच कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. कोण किती वाजता आलं, कोण रजेवर आहे, हे बघणं माझं काम. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झाले. वडील नाशिकहून सिल्वासाला नोकरीसाठी आले होते, म्हणून मीही इथलीच. कॉलेजात प्रतीक आणि प्रतिमा यांतला फरक पुष्कळ शिकवला. एखाद्या बाईचा पाय कारखान्याच्या कामकाजाचा भाग असू शकतो, हे कोणी शिकवलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, या बाई कोणत्या विभागात आहेत? मुकादम म्हणाला, "त्या पायगुणात आहेत." मी तसंच लिहून घेतलं. नंतर खोडलं.

आमच्याकडे पॉलिस्टरचा धागा तयार होतो. मोठा हॉल आहे. मधे पत्र्याची भिंत आणि त्या भिंतीला एक दार. अलीकडे जुनी मशीन, पलीकडे नवी. नवी म्हणजे तीही आता बरीच जुनी झाली आहे, पण नाव नवीच राहिलं. केसरबाईंची गोष्ट तिच्यापासून सुरू होते.

तेव्हा केसरबाई झाडू-पोछा करायच्या. शिरपूरकडच्या. नवऱ्याबरोबर इकडे आल्या, नरोलीत भाड्याची खोली घेतली. पुढे नवरा गेला, खोली राहिली. तर गुढीपाडव्याला नव्या मशीनची पूजा झाली. शेठनी नारळ फोडला, मशीन सुरू केली आणि धागे तुटायला लागले. एक जोडला की दुसरा. फिटरने सगळं तपासलं. भटजींना पुन्हा बोलावलं, त्यांनीही तपासलं. काही फरक नाही. शेवटी मशीन चालूच ठेवून सगळे जेवायला गेले. केसरबाई एकट्या हॉलमध्ये शिरल्या, कारण नारळाचं पाणी आणि कुंकू पसरून लादीचा चिखल झाला होता. सगळे जेवून आले तेव्हा मशीन सुरू होती आणि एकही धागा तुटत नव्हता. दारापासून मशीनपर्यंत ओल्या पावलांचे ठसे होते.

शेठ ठसे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आ पगलां कोनां?"

हे पाऊल कोणाचं, एवढंच त्यांनी विचारलं. केसरबाईंनी उजवा पाय पुढे केला. उजवाच का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

त्या दिवसापासून केसरबाईंच्या हातातला पोछा गेला. शेठनी त्यांना हॉलच्या दाराशी एक स्टूल दिलं. सकाळी मशीन सुरू होण्याआधी त्यांनी उजवा पाय आत टाकायचा, दोन्ही मशीनना एकेक फेरी घालायची, आणि मग स्टुलावर बसायचं. नवीन गाडी आली, नवीन तराजू आला, ऑफिसात नवा एसी बसला की त्यांना बोलावणं यायचं. लादी साफ करायला शेठनी एका कंत्राटदाराची माणसं लावली. ती माणसं कोरडा मॉप मारतात. काम झटपट होतं.

हे सगळं मला केसरबाईंनीच सांगितलं. त्या सांगायच्या तेव्हा उजवा पाय स्टुलाच्या दांडीवर ठेवलेला असायचा.

यंदा माघात त्यांच्या मुलाचं, कल्पेशचं लग्न झालं. सून चंदा, नंदुरबारकडची. बारावी शिकलेली, हाताला चपळ. केसरबाईंनी शेठपुढे एकदा खोकून तिला दिवसपाळीत हॉलमध्ये लावून घेतली. चंदा तुटलेला धागा इतक्या झटकन जोडायची की बघणाऱ्याला तो तुटला होता हे कळायचं नाही.

पण तो तुटत होता. चंदा आली त्या आठवड्यापासून तुटायला लागला आणि दिवसेंदिवस जास्तच. धागा केसासारखा फुलायचा, अंगाला चिकटायचा, हाताला बारीक झटका द्यायचा आणि तुटायचा. "करंट येतो" असं बायका म्हणायच्या.

सुमन नावाची एक जुनी कामगार आहे. तिनेच तो शब्द पहिल्यांदा काढला. जेवणाच्या सुट्टीत, डब्याचं झाकण उघडता उघडता.

"पांढऱ्या पायाची आहे बाई."

डबे उघडत राहिले. दुसऱ्या दिवशी चंदाच्या शेजारी कोणी बसलं नाही.

त्याच सुमारास मिलिंदने आलेख काढला. मिलिंद आमचा क्वालिटी इंजिनियर. पुण्याचा. शांत माणूस. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बहुतेक" म्हणतो. कशाने धागा तुटतोय ते शोधावं म्हणून त्याने रोज किती धागे तुटले ते मांडून एक मोठी रेघ काढली आणि ऑफिसातल्या फळ्यावर लावली. रेघ आधी सपाट चालली होती. मग एका जागी वर वळली होती आणि वरच चालली होती.

शेठ आले. रेघ वळते तिथे बोट ठेवून मला विचारलं, "आ कयो दिवस?"

मी तारीख सांगितली.

"ए दिवसे कोण नवा आला?"

मी टाइम ऑफिसला आहे. मला माहीत होतं. शेठनाही माहीत होतं. मी गप्प राहिले तरी काही फरक पडला नाही.

"शेठ, तो योगायोग आहे," मिलिंद म्हणाला. "बहुतेक."

"रात को चंदा नथी. रात को धागा टूटता नथी."

"रात्री ऊनही नसतं, शेठ."

"ऊन तो दर साल छे, मिलिंदभाई. चंदा आ साल छे." शेठनी फळ्याकडे बघून मान हलवली. "बहु सरस ग्राफ बनाव्यो. एकदम क्लियर."

पाडव्यापर्यंत बघू, नाहीतर चंदाला काढू, असं ठरलं. मिलिंदने आलेख फळ्यावरून उतरवला. उशीर झाला होता. तोवर सगळ्यांनी त्याचे मोबाइलवर फोटो काढले होते.

दुसऱ्या दिवशी गेटबाहेरच्या टपरीवर आम्ही तिघं चहा घेत होतो. केसरबाईंनी माझी बशी घेतली.

"मिलिंदसाहेब, तुमच्या रेघेनं माझ्या सुनेला खाल्लं."

"मावशी, रेघ फक्त एवढंच म्हणते की दोन्ही एकाच वेळी झालं. चंदा आली आणि धागा तुटायला लागला."

"मग? आमची सुमन आणखी काय म्हणते?"

मिलिंदने थोडा विचार केला. "सोबत येणं वेगळं आणि मुळे येणं वेगळं. चंदासोबत धागा तुटतोय. चंदामुळे तुटतोय असं नाही."

केसरबाईंनी बशी फुंकली. "म्हणजे मी नवऱ्यासोबत सिल्वासाला आले. पण नवऱ्यामुळे नाही आले."

"मग कोणामुळे?"

"सासूमुळे."

मिलिंद हसला नाही. तो म्हणाला, "अगदी बरोबर." मग विचारलं, "मावशी, हे असं याआधी झालंय?"

"दर लग्नसराईला होतं."

"दर वर्षी?"

"नवी सून कामावर आली की धागा तुटतो. ही सुमन आली तेव्हाबी तुटायचा. चंदाच्या आधी शीतल होती. तिच्या पायानं तर लई तुटला."

"आणि थांबतो कधी?"

"सून जुनी झाली की थांबतो. वैशाखात."

मिलिंदने चहाचा ग्लास खाली ठेवला. "लग्नसराईत आणखी काय काय असतं?"

"मांडव. बुंदी. रुसवे." त्यांनी आठवून पाहिलं. "ओठ फुटतात. टाचा फुटतात. केस झाडूसारखे होतात, नवरीच्याबी."

"का फुटतात?"

"वारा कोरडा ना व माय. पुण्याला नाही का वारा?"

मिलिंद आपल्या हाताच्या पाठीकडे बघत होता. कातडी पांढुरकी पडली होती. मग हळूहळू म्हणाला, "हवा कोरडी झाली की धाग्यात करंट येतो. रात्री हवा दमट असते, म्हणून रात्री तुटत नाही. वैशाखात समुद्राकडचा वारा सुरू होतो, म्हणून थांबतो. आणि लग्नं याच दिवसांत होतात, म्हणून दर वर्षी धागा तुटायला एक नवी नवरी हजर असते. बहुतेक."

मी थक्क झाले. केसरबाई नाही झाल्या. त्या म्हणाल्या, "मग माझा पाय?"

"तुमच्या पायाचं काय?"

"नवी मशीन पाडव्याला आली होती. तेव्हाबी वारा कोरडाच. मग माझ्या पायानं कशी चालली?"

हा प्रश्न बरोबर होता. मिलिंदने ती सगळी गोष्ट पुन्हा सांगायला लावली. केसरबाईंनी सांगितली. नारळ, भटजी, जेवणाची सुट्टी, चिखल.

"लादी कशाने पुसली?" त्याने विचारलं.

"पाण्यानं. आणखी कशानं पुसतात?"

"किती पाणी?"

"कुंकू सुटत नव्हतं. बादल्यावर बादल्या ओतल्या. हॉलमध्ये तळं झालं होतं."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी केसरबाईंकडे पाहिलं. त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. तेल लावलेला, गुळगुळीत पाय. इतक्या वर्षांत शेठनी ठसे पाहिले होते. ठसे ओले का होते, ते कोणी पाहिलं नव्हतं. आणि ज्या दिवशी पायाचा मान झाला, त्याच दिवशी हॉलमधली बादली बंद झाली होती.

"म्हणजे पाय नव्हता," केसरबाई म्हणाल्या.

"पाय होता, मावशी. बादलीसोबत होता."

"आणि धागा?"

"बादलीमुळे." मिलिंदला वाईट वाटत होतं. "बहुतेक."

बशीतला चहा त्यांनी प्यायला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "शीतलच्या वेळेला शेठनी मला विचारलं होतं. केसरबेन, तमने शू लागे, पोरीचा पाय कसा आहे? मी म्हटलं, असंल बी पांढरा." त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "दुसऱ्या दिवशी काढली तिला. नवऱ्यानंबी माहेरी पाठवली. अजून आली नाही."

टपरीवाल्याने ग्लास उचलले. आम्ही उठलो.

सकाळी केसरबाई कामावर आल्या तेव्हा तेलाचा वास आला नाही. त्यांनी फेरी घातली नाही. स्टूल भिंतीशी सरकवलं, कुठून तरी एक जुनी बादली आणि फडकं काढलं आणि लादी पुसायला बसल्या.

शेठ धावत आले. "केसरबेन! पोछा? तमे?"

त्या खोकल्या. "पाय अखडला, शेठ. हलवायला पाहिजे." पुन्हा खोकल्या.

गुडघे त्यांचे आधीच गेलेले होते. उठताना भिंत धरायच्या. पण हात कसबी होता. आधी लादीवर पाणी, मग भिंतीच्या कडेने ओली गोणपाटं. तीन-चार दिवसांत धागे तुटायचे कमी झाले. चंदाने पहिल्यांदा डबा सावकाश खाल्ला.

मिलिंद मात्र खूश नव्हता. "हे पुरेसं नाही," तो मला म्हणाला. "हवाच बदलली असेल तर? काही दिवस पाणी टाकायला हवं, काही दिवस नको. आणि कोणत्या दिवशी टाकायचं ते आपण ठरवायचं नाही. आपण ठरवलं की आपण आपल्या सोयीचं ठरवतो."

"मग कोणी ठरवायचं?"

त्याने खिशातून नाणं काढलं.

केसरबाईंना त्याने नीट समजावलं. रोज सकाळी नाणं उडवायचं. छापा पडला तर दोन्ही बाजूंना पाणी. काटा पडला तर दिवसभर कोरडं, काहीही झालं तरी कोरडं. पाडव्याआधी शेठना दाखवायचं की चंदा दोन्ही प्रकारच्या दिवशी हजर होती, आणि फरक पडला तो पाण्याने. केसरबाईंनी नाणं पदराला बांधलं. म्हणाल्या, "सोपं हाय."

आठवड्याभराने मिलिंदने विचारलं, "मावशी, रोज छापा?"

"हो ना."

"एकदाही काटा नाही?"

"पडतो ना काटा. मग परत उडवते."

मिलिंद खाली बसला. "परत का?"

"चुकून पडतो तो."

"मावशी, काट्याचे दिवस पाहिजेत मला. कोरडे दिवस पाहिजेत. त्याशिवाय कळणार कसं?"

"कोरडं ठेवलं तर धागा तुटंल. तुटला तर पोरीला बोलतील." त्यांनी फडकं पिळलं. "साहेब, घराला आग लागली तर तुम्ही अर्ध्याच घरावर पाणी टाकता का? बघू, कोणतं अर्धं वाचतं?"

मी मिलिंदच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्याच्या शिक्षणात हा प्रश्न बहुतेक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असावा.

उत्तर शेठनी दिलं. त्यांना आकड्यांतली सुधारणा दिसली होती आणि ते प्रसन्न होते. त्यांनी आम्हाला तिघांना ऑफिसात बोलावून पेढा दिला.

"हूं समजी गयो," ते म्हणाले. "केसरबेन पहले बाहर बैठती थी, स्टूल पर. पाय बाहर, तो असर बी बाहर. आता केसरबेन आखो दिवस अंदर. चंदाचा खराब पाय, केसरबेनचा अच्छा पाय. दोनो कट!"

"शेठ, पाणी..." मिलिंद म्हणाला.

"पाणी तो पाणी छे." शेठनी हात झटकला. "आता सुनो. केसरबेन कामावर तो चंदा कामावर. केसरबेन रजेवर तो चंदा रजेवर. केसरबेन काम छोडे, तो चंदाची बी छुट्टी. बराबर?"

केसरबाई खोकायला विसरल्या.

बाहेर आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आधी थोडा अभिमान होता. खोटं कशाला सांगू. पाय परत आला होता. गेटपर्यंत तो अभिमान टिकला. गेटपाशी त्या थांबल्या.

"साहेब, मी उद्या नसले तर?"

"तर चंदा बाहेर," मिलिंद म्हणाला. या वेळी तो "बहुतेक" म्हणाला नाही.

"बादली दुसऱ्या कोणी ओतली तरी?"

"बादली शेठना दिसतच नाही, मावशी. त्यांना तुम्ही दिसता."

केसरबाईंनी पदराची गाठ सोडली. नाणं तळहातावर घेऊन बघत राहिल्या.

"सोमवारपासून खरं उडवते," त्या म्हणाल्या. "एकदाच. पडंल ते पडंल."

सोमवारी आम्ही तिघंही हॉलच्या दाराशी होतो. चंदा आत होती. तिच्याकडे दोन्ही मशीनची एकेक रांग असते, त्यामुळे ती पत्र्याच्या दारातून सारखी इकडून तिकडे जाते. केसरबाईंनी नाणं उडवलं, झेललं नाही, जमिनीवर पडू दिलं. ते घरंगळत माझ्या चपलेशी आलं.

छापा.

"बघा!" केसरबाई म्हणाल्या. "खरा पडला!" त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली.

त्यांनी जुन्या मशीनच्या बाजूने सुरुवात केली. पाणी टाकलं, फडकं फिरवलं, गोणपाटं भिजवून कडेने पसरली. ती बाजू पूर्ण झाली. मग बादली भरून पत्र्याच्या दारापर्यंत आणली आणि तिथेच थांबल्या. बादली उंबऱ्यावर ठेवली. मागे फिरून स्टुलावर जाऊन बसल्या.

मी बाजूने जात होते. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"काय झालं, मावशी?"

"ऍसिडिटी हाय. रात्री वांगं खाल्लं."

"घरी जा ना."

"अर्धं राहिलं ना व."

मी टपरीवरून जिऱ्याचा सोडा आणला. त्यांनी दोन घोट घेतले. चंदा पलीकडून आली. "आई, बादली द्या. मी करते बाकीचं."

"हात नको लावू." त्या एकदम करड्या आवाजात म्हणाल्या. "तू पुसलं तर म्हणतील, पाय धुऊन घेतला. साहेबाचं सगळं बिघडंल. तू धागा बघ. मी उठते जराशानं."

चंदा गेली. केसरबाई बसून राहिल्या. लोक येत-जात होते. स्टुलावर बसलेल्या केसरबाई हे रोजचं दृश्य होतं. कोणाला वेगळं वाटलं नाही. मलाही नाही.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्या स्टुलावरून कलंडल्या. आवाजसुद्धा झाला नाही. कारखान्याची गाडी काढली. चंदा आणि मुकादम त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. चंदाच्या ओढणीला धाग्याचा एक तुकडा चिकटला होता, तो तसाच गेला.

चहाच्या वेळेला मुकादमाचा फोन आला. हृदय, असं डॉक्टर म्हणाले होते. वाटेतच.

मी टाइम ऑफिसात बसले होते. समोर त्यांचं कार्ड होतं. आत आल्याची वेळ होती. बाहेर गेल्याची नव्हती.

हॉलमध्ये बायका एका जागी जमल्या होत्या. कोणी रडत होतं. सुमनने डोळे पुसले आणि म्हणाली, "मी सांगत होते. धागा खाल्ला, आता सासूला खाल्लं."

माना हलल्या. मला त्या माना दिसल्या.

शेठ आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. केसरबाईंवर त्यांचा खराच जीव होता. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चंदाचा हिशोब करी नाखो." मग, मशीन कोण बघतंय ते बघायला, हॉलमध्ये गेले. मी आणि मिलिंद मागे गेलो.

जुनी मशीन चालली होती. तिच्याकडे एकच माणूस होता आणि त्याला काही काम नव्हतं. भिंतीच्या कडेची गोणपाटं अजून ओली होती. पलीकडे नव्या मशीनवर चारजण धावपळ करत होते. धागे तुटत होते. एक जोडला की दुसरा.

"सवारथी आवुज छे?" शेठनी विचारलं.

"सकाळपासून," एकजण म्हणाला. "चंदा बिचारी दोन्हीकडे पळत होती सारखी. तिकडे नुसती फेरी मारून यायची. तिकडचे तुटतच नव्हते."

"आणि आता चंदा कुठे?" मिलिंदने विचारलं. त्याला माहीत होतं. तो शेठकडे बघत नव्हता.

"दवाखान्यात. दुपारपासून."

तेवढ्यात आणखी एक धागा तुटला. माणूस धावला.

शेठ पत्र्याच्या दारात उभे राहिले. उंबऱ्यावर बादली होती, म्हणून त्यांना मध्येच थांबावं लागलं. त्यांनी अलीकडे पाहिलं. मग पलीकडे पाहिलं. खाली लादीकडे पाहिलं. उंबऱ्यापर्यंत लादीचा रंग काळपट होता. उंबऱ्यापलीकडे पांढुरका. मधे सरळ रेघ होती.

बराच वेळ ते त्या रेघेकडे बघत होते.

"आ बाजू भीनी छे," ते म्हणाले. ही बाजू ओली आहे.

"हो."

"चंदा बन्ने बाजू हती."

"हो, शेठ."

"केसरबेन बी दुपारपासून..." त्यांनी स्टुलाकडे पाहिलं आणि वाक्य पुरं केलं नाही. मग मिलिंदला म्हणाले, "तो ए साबित थयुं?"

मला वाटलं, आता हा हो म्हणेल. नुसतं हो म्हटलं तरी पुरे होतं. मिलिंद म्हणाला, "एका दिवसाने सिद्ध होत नाही, शेठ. आणखी दिवस लागतील."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

शेठ एकदा खोकले.

"चंदाला सांगा, तेरावं झालं की कामावर ये," ते मला म्हणाले. "तेना दिवस बी लागशे ने." मोजायला तिचेही दिवस लागतील ना, असं.

ते गेले. सुमन मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली, पदर खोचला आणि बादलीची कडी धरली. "मी पुसते राहिलेलं," ती म्हणाली. "बाईचं अर्धं नको राहायला."

"राहू द्या," मिलिंद म्हणाला. "पाळी संपेपर्यंत तरी. कृपा करून."

सुमनने कडी सोडली. बादली उंबऱ्यावर तशीच राहिली, काठोकाठ भरलेली. फडकं तिच्या कडेवर पिळून टाकलेलं होतं, केसरबाई टाकायच्या तसं, दोन पदर करून. पलीकडे नव्या मशीनचे धागे तुटत होते आणि तिथली लादी पुसायची राहिली होती.